एरिक गेरेट्स

एरिक गेरेट्स (जन्म: १८ मे १९५४, रेकेम, बेल्जियम) हे बेल्जियमचे निवृत्त फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. उजव्या बगलेचे बचावपटू म्हणून ते स्टँडर्ड लीज, ए.सी. मिलान, एम.व्ही.व्ही. मास्ट्रिख्ट आणि पी.एस.व्ही. आइंटहोव्हन या क्लबांकडून खेळले. १९७५ ते १९९१ या काळात त्यांनी बेल्जियमच्या राष्ट्रीय संघातर्फे ८६ सामने खेळून २ गोल केले. १९८० च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेतील उपविजेता संघ आणि १९८६ च्या विश्वचषकात चौथे स्थान मिळवणारा संघ या दोहोंत त्यांचा समावेश होता. १९८८ मध्ये पी.एस.व्ही.चे कर्णधार म्हणून त्यांनी युरोपियन चषक जिंकला. त्यापूर्वी चारच वर्षे आधी, १९८४ मध्ये, बेल्जियमला हादरवून सोडणाऱ्या लाच प्रकरणात त्यांचे नाव उघड झाले होते आणि त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली होती. त्यांच्या कारकिर्दीचे कोणतेही वर्णन या दोन घटनांना वगळून करता येत नाही.

प्रारंभिक काळ

रेकेम हे बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतातील, नेदरलँड्सच्या सीमेला लागून असलेले छोटे गाव आहे. म्यूझ नदीच्या पलीकडे डच भूमी सुरू होते आणि मास्ट्रिख्ट हे डच शहर तेथून अगदी जवळ आहे. हा भाग डचभाषक फ्लेमिश लोकांचा. दक्षिणेकडील लीज शहर मात्र फ्रेंचभाषक वालोनियात मोडते. बेल्जियममध्ये भाषेची ही सीमारेषा राजकारणापासून शिक्षणापर्यंत सर्वत्र जाणवते. फ्लेमिश खेड्यातील या मुलाने आपल्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा काळ लीजच्या क्लबात घालवला आणि तेथील प्रेक्षकांनी त्याला आपले मानले, ही गोष्ट म्हणूनच नोंद घेण्याजोगी आहे. दाट दाढी, धिप्पाड बांधा आणि माघार न घेणारा खेळ यांमुळे पुढे त्यांना ‘रेकेमचा सिंह’ हे टोपणनाव मिळाले.

स्टँडर्ड लीज (१९७१–१९८३)

१९६९, १९७० आणि १९७१ अशी सलग तीन वर्षे स्टँडर्ड लीजने बेल्जियमचे अजिंक्यपद मिळवले होते. गेरेट्स नेमके त्यानंतर, १९७१–७२ च्या हंगामात, पहिल्या संघात दाखल झाले. पुढील दहा वर्षे क्लबला अजिंक्यपदाने हुलकावणी दिली. १९७५ चा लीग चषक सोडल्यास या दशकात स्टँडर्डच्या वाट्याला फारसे काही आले नाही. गेरेट्स यांचा वैयक्तिक खेळ मात्र याच काळात घडला. त्या वेळी उजव्या बचावपटूकडून प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या आघाडीपटूला रोखण्यापलीकडे फारशी अपेक्षा नसे. गेरेट्स चेंडू हिसकावून घेतल्यावर स्वतःच बगलेतून पुढे धावत आणि गोलक्षेत्रात क्रॉस देत. परत येऊन आपली जागा राखण्याचा दमही त्यांच्यात होता. आज हा प्रकार सर्वत्र रूढ आहे, तेव्हा तो नव्हता.

१९७९ मध्ये ऑस्ट्रियाचे विख्यात प्रशिक्षक अर्न्स्ट हाप्पेल स्टँडर्डमध्ये आले आणि १९८१ मध्ये संघाने बेल्जियन चषक जिंकला. हाप्पेल यांच्या जागी आलेले रेमों गेथाल्स हे ब्रुसेल्सचे, डावपेचांत मुरलेले गृहस्थ होते. डच खेळाडू आरी हान व सिमोन ताहामाता, तरुण गोलरक्षक मिशेल प्रूदोम आणि कर्णधार गेरेट्स असा त्यांचा संघ होता. या संघाने १९८१–८२ व १९८२–८३ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवली. १९८२ मध्ये बेल्जियममधील सर्वोत्तम खेळाडूस दिला जाणारा ‘सुवर्णबूट’ पुरस्कार गेरेट्स यांना मिळाला. बचावपटूला असा मान सहसा मिळत नाही, कारण मतदारांचे लक्ष गोल करणाऱ्यांकडे अधिक असते.

१९८२ चा वॉटरशाई सामना

पहिल्या अजिंक्यपदाचा शेवट ८ मे १९८२ रोजी झालेल्या सामन्याने झाला. स्टँडर्डची गाठ वॉटरशाई या संघाशी होती. वॉटरशाई हे लिंबर्गमधील, म्हणजे गेरेट्स यांच्याच प्रांतातील, कोळसा खाणींचे गाव आहे. अजिंक्यपद जवळ आले होते, पण हातात पडले नव्हते. शिवाय चारच दिवसांनी, १२ मे रोजी, बार्सेलोनाविरुद्ध युरोपियन कप विनर्स कपचा अंतिम सामना होता. म्हणजे सामना गमावायचा नव्हता आणि कोणी जायबंदीही व्हायचे नव्हते. गेथाल्स यांच्या कल्पनेनुसार स्टँडर्डच्या खेळाडूंनी आपल्या सामन्याच्या बक्षिसाची रक्कम वॉटरशाईच्या खेळाडूंना देऊ केली. त्या बदल्यात त्यांनी जोर न लावता खेळावे, अशी अपेक्षा होती. हा व्यवहार वॉटरशाईचा खेळाडू रोलां यान्सेन याच्यामार्फत झाला आणि स्टँडर्डच्या बाजूने त्यात कर्णधार म्हणून गेरेट्स होते. स्टँडर्डने सामना ३–१ असा जिंकला.

बार्सेलोनाच्या कँप नोऊ मैदानावरील अंतिम सामन्यात गी व्हांडरस्मिसनने आठव्याच मिनिटाला स्टँडर्डला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर अ‍ॅलन सिमॉन्सन व किनी यांच्या गोलांनी यजमानांनी सामना २–१ असा फिरवला. ज्या सामन्यासाठी एवढा खटाटोप झाला होता, तो स्टँडर्डच्या हातून निसटला. दोन वर्षे या व्यवहाराची वाच्यता झाली नाही.

राष्ट्रीय संघ: १९८० व १९८२

प्रशिक्षक गी थाइस यांनी १९७६ नंतर घडवलेला बेल्जियमचा संघ ऑफसाइडच्या सापळ्यासाठी प्रसिद्ध होता. चारही बचावपटू एकाच क्षणी पुढे सरकत आणि प्रतिस्पर्ध्याचा आघाडीपटू मागे एकटा सापडे. या युक्तीत एकाचाही पाय मागे राहिला तर सारे फसते. त्यासाठी लागणारी शिस्त आणि परस्परांवरचा विश्वास या बचावफळीत होता व तिच्या उजव्या टोकाला गेरेट्स असत.

इटलीत झालेल्या १९८० च्या युरोपियन स्पर्धेत बेल्जियमकडून कोणालाच मोठी आशा नव्हती. इंग्लंडशी १–१ अशी बरोबरी झाल्यावर संघाने स्पेनला २–१ असे नमवले. त्यातील पहिला गोल गेरेट्स यांचा होता. यजमान इटलीला ०–० असे रोखून, केवळ अधिक गोल केल्याच्या बळावर, बेल्जियमने गटात पहिले स्थान मिळवले. २२ जून १९८० रोजी रोममधील अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या होर्स्ट ह्रुबेशने दोन गोल केले. त्यातला दुसरा अगदी शेवटच्या मिनिटांत होता. बेल्जियमचा २–१ असा पराभव झाला.

१९८२ च्या विश्वचषकात गेरेट्स बेल्जियमचे कर्णधार होते. १३ जून रोजी स्पर्धेचा उद्घाटनाचा सामना गतविजेत्या अर्जेंटिनाशी होता आणि मैदान पुन्हा कँप नोऊ हेच होते. महिन्यापूर्वी त्याच मैदानावर हरलेल्या गेरेट्स यांच्या संघाने एर्विन व्हांडनबर्गच्या एकमेव गोलाने अर्जेंटिनाला हरवले. विश्वचषकात प्रथमच खेळणाऱ्या दिएगो मॅराडोनाला बेल्जियमच्या बचावाने त्या दिवशी फारसे काही करू दिले नाही. तिसऱ्या सामन्यात, हंगेरीविरुद्ध, चेंडूसाठी बाहेर धावत आलेले आपलेच गोलरक्षक जाँ-मारी फाफ यांच्याशी गेरेट्स यांची टक्कर झाली. डोक्याला मार बसून ते बेशुद्ध पडले. त्यांना मैदानाबाहेर न्यावे लागले. पुढील फेरीत ते खेळू शकले नाहीत. पोलंडकडून ३–० आणि सोव्हिएत संघाकडून १–० अशा पराभवांनी बेल्जियमची मोहीम संपली.

मिलान आणि निलंबन

१९८३ मध्ये गेरेट्स इटलीच्या ए.सी. मिलानमध्ये गेले. हा क्लब नुकताच दुय्यम श्रेणीतून पुन्हा पहिल्या श्रेणीत आला होता. त्या काळी इटालियन क्लबला दोनच परदेशी खेळाडू ठेवता येत. इंग्लंडचा ल्यूथर ब्लिसेट आणि गेरेट्स या दोघांवर मिलानने भरवसा ठेवला होता.

१९८४ च्या आरंभी बेल्जियममध्ये तपासाधिकारी न्यायाधीश गी बेलमान्स हे फुटबॉल क्लबांतील काळ्या पैशाची चौकशी करत होते. मूळ विषय करचुकवेगिरीचा होता, पण स्टँडर्डच्या हिशेबांची छाननी करताना वॉटरशाई सामन्यातील देवघेव बाहेर आली. गेथाल्स, क्लबचे दीर्घकाळचे सूत्रधार रॉजर पेती आणि संघातील बहुतेक प्रमुख खेळाडू अडचणीत आले. खेळाडूंवर निलंबनाची कारवाई झाली. गेथाल्स पोर्तुगालमधील एका क्लबात निघून गेले. मिलानने गेरेट्स यांचा करार संपुष्टात आणला. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. फुटबॉलपटूच्या आयुष्यातील हीच कमाईची आणि कीर्तीची वर्षे असतात.

या प्रकरणाचा सर्वांत मोठा फटका राष्ट्रीय संघाला बसला. १९८४ ची युरोपियन स्पर्धा तोंडावर असताना गेरेट्स, वाल्टर मेव्स यांच्यासारखे अनुभवी बचावपटू एकाच वेळी बाद झाले. नवख्यांची बचावफळी घेऊन फ्रान्सला गेलेल्या बेल्जियमने युगोस्लाव्हियाला २–० असे हरवले. मात्र यजमान फ्रान्सकडून ५–० असा मार खावा लागला आणि डेन्मार्ककडूनही पराभव झाला. अनेक वर्षे जपलेला ऑफसाइडचा सापळा या संघाला लावताच येईना. याच स्पर्धेत एन्झो शिफो आणि जॉर्ज ग्र्यून ही दोन तरुण नावे पुढे आली, एवढाच त्यातला लाभ.

स्टँडर्डचे १९८२ चे अजिंक्यपद काढून घेण्यात आले नाही. ते आजही क्लबच्या नोंदीत आहे. शिक्षा झाली ती माणसांना. बक्षिसाची रक्कम सोडून देणाऱ्या खेळाडूंना त्या व्यवहारातून एका पैचाही लाभ झालेला नव्हता, असा त्यांचा बचाव अनेकदा मांडला जातो. परंतु समोरच्या संघाने सामना जिंकण्यासाठी खेळू नये म्हणून पैसे देणे ही लाचच होय. ते पैसे कोणाच्या खिशातून गेले, याने त्यात फरक पडत नाही. कर्णधाराच्या हातून हे घडले असल्याने त्याची जबाबदारी इतरांहून अधिक ठरते.

मास्ट्रिख्टमार्गे पुनरागमन

गेरेट्स पुन्हा उभे राहिले ते घराजवळच्या मैदानावर. १९८४–८५ च्या हंगामात रेकेमच्या पलीकडील मास्ट्रिख्टच्या एम.व्ही.व्ही. या लहान डच क्लबाने त्यांना करारबद्ध केले. मिलानच्या सान सिरोतून थेट येथवरची ही घसरण मोठी होती. १९८५ मध्ये पी.एस.व्ही. आइंटहोव्हनने त्यांना घेतले. फिलिप्स या विद्युत उपकरणांच्या कंपनीतून जन्मलेला हा क्लब तेव्हा नव्या दमाचा संघ उभारत होता.

राष्ट्रीय संघाचे दारही उघडले. १९८६ च्या विश्वचषकाच्या पात्रतेसाठी बेल्जियमला शेजारच्या नेदरलँड्सशी दोन सामने खेळावे लागले. ब्रुसेल्समधील सामना बेल्जियमने १–० असा जिंकला. २० नोव्हेंबर १९८५ रोजी रोटरडॅममध्ये डच संघ २–० असा पुढे होता आणि खेळ संपण्यास पाचेक मिनिटे उरली होती. त्या वेळी उजव्या बगलेतून गेरेट्स यांनी दिलेल्या क्रॉसवर ग्र्यून याने डोक्याने गोल केला. परक्या मैदानावरील हा एक गोल निर्णायक ठरला आणि बेल्जियम मेक्सिकोला गेला. निलंबित झालेला जुना बचावपटू आणि त्याच्या अनुपस्थितीत पुढे आलेला नवा बचावपटू यांनी मिळून हा गोल केला होता.

मेक्सिकोतील स्पर्धेची सुरुवात अडखळत झाली. यजमानांकडून हार, इराकवर निसटता विजय व पॅराग्वेशी बरोबरी असा प्रवास करत बेल्जियमने कशीबशी दुसरी फेरी गाठली. तेथे लिऑन शहरात १५ जून १९८६ रोजी सोव्हिएत संघाविरुद्धचा सामना विश्वचषकाच्या इतिहासातील अविस्मरणीय सामन्यांत गणला जातो. इगोर बेलानोव्हने तीन गोल करूनही जादा वेळेत बेल्जियमने ४–३ अशी बाजी मारली. उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवल्यावर उपांत्य सामन्यात पुन्हा मॅराडोना समोर आला. चार वर्षांपूर्वीची परतफेड त्याने दोन गोलांनी केली. त्यातला दुसरा गोल बेल्जियमच्या साऱ्या बचावाला चुकवत केलेला होता. फ्रान्सकडून हरून बेल्जियम चौथा आला. त्या देशाची विश्वचषकातील ही सर्वोत्तम कामगिरी २०१८ पर्यंत अबाधित राहिली.

पी.एस.व्ही. आइंटहोव्हन (१९८५–१९९२)

आइंटहोव्हनमधील सात वर्षांत गेरेट्स यांनी १९८६ ते १९८९ अशी सलग चार आणि १९९१ व १९९२ अशी दोन, एकूण सहा डच अजिंक्यपदे मिळवली. त्याशिवाय १९८८ ते १९९० असे सलग तीन वेळा डच चषकही जिंकले. १९८७ मध्ये रूड गुलिट मिलानला गेल्यावर पी.एस.व्ही.चा जोर ओसरेल असा अनेकांचा कयास होता. झाले उलटेच. प्रशिक्षक गूस हिडिंक यांच्या संघाने १९८७–८८ मध्ये डच लीग, डच चषक आणि युरोपियन चषक ही तिन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली. त्यापूर्वी हे केवळ सेल्टिक (१९६७) व अ‍ॅजॅक्स (१९७२) यांना साधले होते.

युरोपियन चषकातील पी.एस.व्ही.ची वाटचाल विलक्षण म्हणावी अशी आहे. गालातासराय आणि रॅपिड व्हिएन्ना यांना मागे टाकल्यावर उपांत्यपूर्व फेरीत बोर्दोशी १–१ व ०–० आणि उपांत्य फेरीत रेआल माद्रिदशी १–१ व ०–० अशा बरोबऱ्या झाल्या. दोन्ही वेळा परक्या मैदानावरील गोलाच्या नियमाने पी.एस.व्ही. पुढे गेला. २५ मे १९८८ रोजी श्टुटगार्टमधील अंतिम सामनाही बेनफिकाशी जादा वेळेनंतर ०–० असाच राहिला. शूटआउटमध्ये पहिल्या पाचही फटक्यांत कोणी चुकले नाही. यान्सेनने सहावा गोल केल्यावर गोलरक्षक हान्स फान ब्रूकेलेनने बेनफिकाच्या व्हेलोसोचा फटका अडवला आणि पी.एस.व्ही.ने ६–५ असा विजय मिळवला. शेवटच्या पाच सामन्यांत एकही सामना नियमित वा जादा वेळेत न जिंकता हा संघ युरोपचा अजिंक्य ठरला, म्हणून त्याच्यावर टीकाही झाली. मात्र या पाच सामन्यांत, म्हणजे साडेसात तासांहून अधिक खेळात, या संघाने केवळ दोन गोल स्वीकारले होते. रोनाल्ड कूमन, इव्हान नील्सन, यान हाइंट्झे आणि चौतीस वर्षांचे गेरेट्स यांच्या बचावफळीचे हे यश होते. चषक उंचावण्याचा मान कर्णधार गेरेट्स यांचा होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस टोकियोतील इंटरकाँटिनेंटल चषकात उरुग्वेच्या नासिओनालकडून पी.एस.व्ही. शूटआउटमध्येच हरला.

१९९० च्या विश्वचषकात गेरेट्स छत्तीस वर्षांचे होते. उरुग्वेविरुद्ध पूर्वार्धातच दुसरे पिवळे कार्ड मिळून ते मैदानाबाहेर गेले. तरी दहा जणांच्या बेल्जियमने तो सामना ३–१ असा जिंकला. स्पेनविरुद्धच्या सामन्याला ते मुकले. बोलोन्यातील बाद फेरीत इंग्लंडविरुद्ध ते परतले, पण शूटआउट अवघ्या मिनिटावर असताना डेव्हिड प्लॅटच्या गोलाने बेल्जियमचे आव्हान संपले. १९९१ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय आणि १९९२ मध्ये क्लब फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. ८६ सामन्यांचा त्यांचा आकडा त्या वेळी यान कूलेमान्सच्या ९६ सामन्यांखालोखाल होता.

प्रशिक्षक

प्रशिक्षक म्हणून गेरेट्स यांनी आरंभ केला तो एफ.सी. लीजमध्ये. जाँ-मार्क बॉसमन या खेळाडूने करार संपल्यानंतरच्या क्लबबदलाच्या हक्कासाठी ज्या क्लबविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तो हाच. १९९४ मध्ये ते लिअर्सला गेले. १९६० नंतर एकदाही अजिंक्यपद न मिळवलेल्या या छोट्या शहरातील क्लबाला त्यांनी १९९७ मध्ये बेल्जियमचा विजेता बनवले. पुढच्याच वर्षी क्लब ब्रूजबरोबर त्यांनी तोच पराक्रम केला. १९९९ मध्ये ते आइंटहोव्हनला परतले आणि २००० व २००१ ची डच अजिंक्यपदे त्यांनी प्रशिक्षक या नात्याने मिळवली.

जर्मनीत तळाशी गेलेल्या कायझर्सलाउटर्नला त्यांनी २००२–०३ मध्ये पदावनतीपासून वाचवले आणि त्याच हंगामात जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. वोल्फ्सबुर्गनंतर २००५ मध्ये ते आर्थिक अडचणींत सापडलेल्या गालातासरायमध्ये गेले. १४ मे २००६ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, फेनरबाहचेला देनिझलीत १–१ असे समाधान मानावे लागले. इकडे कायसेरिस्पोरला ३–० असे हरवून गालातासरायने अजिंक्यपद पटकावले.

सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी ऑलिंपिक मार्सेची सूत्रे घेतली. याच क्लबात १९९३ मध्ये त्यांचे जुने गुरू गेथाल्स प्रशिक्षक होते आणि त्याही वर्षी युरोपियन अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी वॅलेंसिएन संघाच्या खेळाडूंना लाच देण्याचे प्रकरण घडले होते. हेतूही जवळपास तोच होता, अंतिम सामन्यापूर्वी कोणी जायबंदी होऊ नये. गेथाल्स यांच्यावर त्या वेळी दोष आला नाही, पण स्टँडर्डची आठवण बेल्जियममध्ये अनेकांना झाली. गेरेट्स आले तेव्हा मार्से फ्रेंच लीगच्या तळाजवळ होता. पहिल्या काही दिवसांतच संघाने लिव्हरपूलला त्यांच्याच अ‍ॅनफील्ड मैदानावर १–० असे हरवले आणि हंगामाअखेर तिसरे स्थान गाठले. २००८–०९ मध्ये बोर्दोपाठोपाठ मार्से दुसरा आला.

त्यानंतर ते आखाती व आफ्रिकी फुटबॉलकडे वळले. सौदी अरेबियाच्या अल हिलालला २००९–१० चे अजिंक्यपद मिळवून दिल्यावर त्यांनी मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघाचे पद स्वीकारले. जून २०११ मध्ये माराकेशमध्ये शेजारच्या अल्जीरियाला ४–० असे हरवल्याने त्यांचे कौतुक झाले. पण २०१२ च्या आफ्रिकी चषकात संघ गट फेरीतच बाद झाला आणि गुप्त ठेवलेल्या त्यांच्या मोठ्या वेतनावरून देशात गदारोळ उठला. मोझांबिकमधील २–० अशा पराभवानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे कतारच्या लेखवियाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०१३–१४ ची लीग जिंकली. संयुक्त अरब अमिरातीतील अल जझिरा हा त्यांचा अखेरचा क्लब होता. २०१५ मध्ये त्यांनी तो सोडला.